माझा वाचनाचा आठवडा आणि नातीची पुस्तकं



मागच्या पेसाखला नातेवाइकांच्या घरी बसलो होतो, तेव्हा कोणीतरी विचारलं, "मावशी, तुम्ही अजून वाचता का हो? काय वाचता?" मी म्हटलं, "सध्या चौदा वर्षांच्या मुलींची पुस्तकं." सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारीने थट्टा केली. पण थट्टा नाही, खरंच मी तीच वाचते. आपल्या अंकात सांगण्यासारखं आहे असं वाटलं म्हणून हे लिहायला घेतलं. आजीआजोबांनी वाचावं, आणि ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजीआजोबांनी वाचून दाखवावं.

आधी माझा आठवडा सांगते. रविवार-सोमवार घरातली कामं आणि डॉक्टर, त्यामुळे वाचन जेमतेम अर्धा तास. मंगळवारी सिफ्रिया. आमच्या अश्दोदच्या लायब्ररीत मला आता सगळे ओळखतात, कारण नव्वद टक्के वेळा मी मुलांच्या विभागात उभी असते. बुधवारी नातीचा फोन येतो, पुस्तक कुठवर आलं ते सांगायचं. गुरुवारी बाजार आणि मासळी. शुक्रवारी सकाळपासून स्वयंपाक, आणि दिवे लावायच्या आधी तासभर मिळाला तर वर्तमानपत्राची पुरवणी. शब्बाथच्या दुपारी जेवणानंतर सगळे झोपतात. तो वेळ माझा आणि नातीचा. ती दोन गल्ल्या चालत येते, हातात पुस्तक. एका आठवड्याला तिच्या पसंतीचं, दुसऱ्या आठवड्याला माझ्या पसंतीचं. नियम एकच, आवडलं नाही तरी शंभर पानं वाचायचीच. नंतर टाकून द्या.

ही सवय कशी लागली ते सांगते. ७ ऑक्टोबर २०२३ ला शब्बाथ होता आणि सिम्हात तोराही. त्या सकाळपासून अश्दोदला भोंगे सुरू झाले. आमची इमारत जुनी, घरात ममाद नाही, आणि अश्दोदला भोंग्यानंतर ४५ सेकंद मिळतात. माझ्या गुडघ्यांना ४५ सेकंदांत जिनासुद्धा होत नाही. मुलाने मला त्याच्याकडे नेलं. त्याच्या घरातला ममाद म्हणजे नातीची खोली. इस्राएलमध्ये बऱ्याच घरांत तसंच असतं, ती जाड भिंतींची खोली एखाद्या मुलालाच मिळते. शाळा बंद, खिडकीचं लोखंडी दार बंद, आणि नातीच्या पलंगावर आम्ही दोघी. माझी पुस्तकं माझ्या घरी राहिलेली. तिच्या फळीवरचं एक उचललं, ते निघालं 'हंगर गेम्स'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हे पुस्तक अमेरिकेतल्या सुझान कॉलिन्स बाईंनी २००८ साली लिहिलं. एका दुष्ट राज्यात दर वर्षी बारा जिल्ह्यांतून एकेक मुलगा आणि एकेक मुलगी चिठ्ठी टाकून उचलतात. वय बारा ते अठरा. त्या चोवीस मुलांना एका रिंगणात सोडायचं, आणि एक उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. बाकीच्यांनी ते टीव्हीवर बघायचं. कॅटनिस नावाची मुलगी धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते म्हणून तिच्या जागी स्वतः जाते.

मी वाचलं आणि मला संताप आला. बाहेर काय चाललंय, आणि बारा वर्षांच्या पोरीने हे वाचायचं? मी मुलाला म्हटलं, हे पुस्तक घरातून काढ. नात शांतपणे म्हणाली, "सव्ता, या आठवड्याची परशा कुठली?" डिसेंबरचे दिवस होते, हनुक्का. परशा वायेशेव. म्हणजे योसेफाची गोष्ट. सतरा वर्षांचा मुलगा, त्याला त्याचेच भाऊ मारायला निघतात, खड्ड्यात टाकतात, मग विकतात, आणि बापाला रक्तात बुडवलेला अंगरखा दाखवतात. "हे तू मला मी पाच वर्षांची असताना सांगितलंस," ती म्हणाली. आता काय बोलणार? अलिबागेला असताना हीच गोष्ट मी कीर्तनात ऐकली होती, आईच्या मांडीवर बसून, आणि भाऊ योसेफाला विकतात तिथे सगळ्या बायका डोळे पुसत. कोणी म्हटलं नाही की पोरांना बाहेर न्या.

मग मी तिला विचारलं, भोंगे वाजत असताना असलं कसं वाचवतं तुला? ती म्हणाली, "पुस्तकात किती पानं उरली ते मला दिसतं." तिसऱ्या दिवशी मी दुसरा भाग मागून घेतला.

तर आता माझी मतं. पटली नाहीत तर संपादकांना कळवा.

पहिली तक्रार म्हणजे या सगळ्या पुस्तकांत आईबाप आधीच मेलेले असतात. हॅरी पॉटरचे दोघेही गेलेले. कॅटनिसचा बाप खाणीत गेलेला, आई दुःखाने खचलेली. बरं, जिथे आईबाप जिवंत, तिथे ते बावळट किंवा कामात. मी नातीला म्हटलं, "तुमच्या लेखकांना मोठ्या माणसांचं एवढं काय वावडं?" ती म्हणाली, "आई घरी असली तर ती जाऊच देणार नाही ना. मग गोष्ट कशी होणार?" हे मात्र बरोबर आहे. योसेफाची गोष्टसुद्धा बापापासून लांब गेल्यावरच सुरू होते.

म्हणून माझ्या पाळीला मी मुद्दाम 'श्यामची आई' काढलं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, आणि त्यात आई पानोपानी. शिवाय ते कोकण, आपलंच. माझं पुस्तक इतकं जुनं की पान उलटताना तुकडा हातात येतो. नातीला देवनागरी येत नाही. तिने पुस्तक हातात घेतलं ते उलटं, मागचं कव्हर वर. हिब्रू उजवीकडून, तर तिच्या लेखी पुस्तक तिथूनच सुरू होणार. मी मराठीत वाचायचं, अडेल तिथे हिब्रूत सांगायचं. दोन शब्बाथ गेले आणि ती म्हणाली, "ही आई सारखी शिकवत का असते? एक दिवस तरी नुसती बसत का नाही?"

वाचकहो, मला फार लागलं. माझ्या आईने मला हे पुस्तक वाचून दाखवलं होतं. मी पुस्तक मिटलं, आणि पुढचे दोन आठवडे आमची पाळी झालीच नाही. बुधवारचा फोनही मी दोन वाक्यांत संपवला. म्हातारपणी माणूस पोरासारखं रुसतं ते असं.

तिसऱ्या शब्बाथला तीच आली आणि म्हणाली, पोहण्याची गोष्ट परत वाच. श्याम विहिरीत उतरायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारते, ती. मग अंगावरचे वळ पाहून आईच्याच डोळ्यांत पाणी येतं. नात म्हणाली, "इथे तिला स्वतःलाच वाईट वाटतं. म्हणून ही खरी आई वाटते." मी एवढी वर्षं ते पुस्तक वाचते आहे, पण त्या जागेकडे मी कधी आईच्या बाजूने पाहिलंच नव्हतं.

'फास्टर फेणे' मात्र तिला एकदम सबाबा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर, आणि कुठेही संकटात उडी. आता ती काही सुचलं की जिभेने "ट्टॉक" करते. वर्गातल्या मैत्रिणींनाही शिकवलंय. मराठी मुलांना फेणे, तसा इथल्या मुलांना 'हसांबा' होता. यिगाल मोसिन्सोन यांची ती मालिका १९४९-५० च्या सुमाराची. यारोन झहावी आणि त्याची गुप्त टोळी, तेल अवीवला गुहेत अड्डा, इंग्रजांना चकवायचं. माझी मुलं तीच वाचून मोठी झाली. आज वाचताना जरा भाबडी वाटते, पण पान उलटायला लावते.

माझी दुसरी तक्रार लेखकांविषयी नाही, निक्कूदविषयी आहे. मी १९६५ साली सतरा वर्षांची इथे आले. उल्पानमध्ये हिब्रू शिकले, आणि 'शार लामत्खील' नावाचं नवीन लोकांसाठीचं सोप्या हिब्रूतलं साप्ताहिक वाचायचे. त्यात अक्षरांखाली निक्कूद असायचे, म्हणजे आपल्या काना-मात्रा. लहान मुलांच्या पुस्तकांतही असतात. पण मूल दहा-अकरा वर्षांचं झालं की पुस्तकातून ते निक्कूद गळून पडतात, आणि माझ्यासारखीचे हाल सुरू. सामेख, पे, रेश. ही तीन अक्षरं 'सेफेर' वाचली तर पुस्तक, 'सपार' वाचली तर न्हावी. एका कादंबरीत मुलगी रडत पुस्तकाला मिठी मारते, तिथे मी न्हाव्याला मिठी मारायला लावली आणि तीन पानं विचार करत बसले की हा न्हावी आला कुठून. नात हसून हसून पलंगावरून पडायची बाकी होती. ज्यांना हिब्रू नीट वाचता येत नाही म्हणून लाज वाटते, त्यांना माझं सांगणं आहे, नातवंडांची पुस्तकं घ्या. आधी निक्कूदवाली, मग बिननिक्कूदची. त्यात बोलणं जास्त असतं आणि वाक्यं आखूड. डॉक्टरच्या रिसेप्शनवरच्या पोरी काय बोलतात ते मला तिथूनच कळायला लागलं.

हॅरी पॉटरबद्दल एक आठवण. शेवटचा भाग २१ जुलै २००७ ला जगभर एकाच वेळी निघाला, आणि इथल्या वेळेप्रमाणे तो शब्बाथच्या रात्री दोन वाजता. मंत्र्यांनी दुकानदारांना दंडाची धमकी दिली, पेपरांत वादावादी. माझा थोरला नातू तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याला शुक्रवारी रात्री जायचं होतं, मी नाही म्हटलं. शनिवारी चांदण्या दिसल्या तसा धावला. इंग्रजी प्रत, बाजूला शब्दकोश. हिब्रू भाषांतराचीही गंमत आहे. पाचव्या भागात सिरियस ख्रिसमसच्या चालीवरचं गाणं गुणगुणतो, तिथे भाषांतरकर्त्या गिली बार-हिलेल यांनी हनुक्काचं गाणं घातलं, आणि लोक म्हणाले सिरियसला ज्यू केलंत! मला तर ते आवडलं. आपल्या मुलाला जे कळेल ते घाला.

पण माझ्या यादीत सगळ्यांच्या वर ऊरी ओर्लेव. वॉर्सात १९३१ साली जन्म, लहानपण घेट्टोत आणि मग बेर्गन-बेल्झेनला, १९४५ ला इथे आले. २०२२ साली वारले. त्यांचं 'पक्ष्यांच्या रस्त्यावरचं बेट' १९८१ चं. अलेक्स, अकरा वर्षांचा, पडक्या घरात एकटा लपून बापाची वाट बघतो. सोबतीला एक पांढरा उंदीर. कुठे रडारड नाही. भूक लागली, दोर कसा बांधला, शिडी कशी केली, एवढंच. जे स्वतः भोगलेलं असतं ते माणूस असं साधं सांगतो. १९९६ ला त्यांना अँडरसन पारितोषिक मिळालं, मुलांच्या लेखकांसाठी जगातलं सर्वांत मोठं. नातीने ते एका दिवसात वाचलं आणि नंतर बराच वेळ बोलली नाही.

मग बोलली तेव्हा हे विचारलं, "सव्ता, पोलंडचा मुलगा आहे. 'हसांबा'त मेनाशे तेमानी आहे. आपलं कोणी कुठल्या पुस्तकात आहे?"

मी खूप आठवलं. मंगळवारी सिफ्रियातल्या बाईंनाही विचारलं. माझ्या हाती आलेल्या मुलांच्या हिब्रू पुस्तकांत तरी बेने इस्राएल मुलगी नाही. करंज्या करणाऱ्या आजीची नात नाही. खरं म्हणजे गोष्ट तर समोर पडली आहे. १९६२ पासून आपल्या लोकांच्या लग्नांवर रब्बीनिमने शंका काढली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात आपली कुटुंबं मुलाबाळांसकट यरुशलायमला जाऊन धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. मी त्यानंतर वर्षाने आले. पण माझ्या मावशीच्या दोघी मुली तिथे होत्या, दहा-बारा वर्षांच्या. अगदी ओर्लेवच्या अलेक्सएवढ्या.

नातीने वही आणली. म्हणाली, तू मराठीत सांग, मी हिब्रूत लिहिते. आता शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून मंगळवारी सिफ्रियानंतर ती येते. सहा पानं झाली आहेत. पण तिचे प्रश्न असे की मी अडते. मुली रात्री झोपल्या कुठे? चादर घरून नेली होती का? खायला कोण आणून द्यायचं? अंघोळीचं काय? घाबरल्या होत्या की मजा वाटत होती? माझ्या मावसबहिणींपैकी एक गेली. दुसरीला आता माझं नावही आठवत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. १९६४ ला यरुशलायमला तुम्ही लहान असाल आणि आईबापांबरोबर गेला असाल, तर काय आठवतं ते संपादकांकडे चार ओळींत लिहून पाठवा. मराठीत, हिब्रूत, कसंही. राजकारण नको, ते पेपरांत आहे. चादर, जेवण, चपला, शेजारी कोण झोपलं होतं, असलं पाठवा. आणि तुम्हाला लिहायला जमत नसेल तर नातवंडांना सांगा, ती लिहितील.

या आठवड्याची पाळी नातीची आहे. तिने साडेचारशे पानांचं काहीतरी आणलंय, कव्हरवर ड्रॅगन. शंभर पानं तर वाचायलाच हवीत.