नेमलेले पुस्तक नसलेला वर्ग

मी मराठी घेऊन एम.ए. झालो तेव्हा आम्हांला ‘विशेष ग्रंथकार’ नावाची एक प्रश्नपत्रिका असे. तिच्यातला विशेष एवढाच की ग्रंथकार एकच असे. बाकी पुस्तके नेमलेली असत, प्रश्न ठरलेले असत आणि उत्तरे आप्पा बळवंत चौकात विकत मिळत. गुरुजनांनी मनापासून शिकवले, आम्हीही मनापासून टिपणे उतरवून घेतली. पण त्या वर्षभरात वर्गात कुणालाच ठाऊक नसलेली एखादी गोष्ट आमच्यापैकी कुणी शोधून काढील, अशी अपेक्षा आमच्याकडून कुणी केली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ती स्वतःकडून केली नाही.

हे सारे अलीकडे आठवायला कारण झाले ते आमच्या शेजारच्या घरातले फोनवरचे एक संभाषण. त्यांची कन्या अमेरिकेत माहितीशास्त्र, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘इन्फर्मॅटिक्स’ शिकते. वडिलांनी विचारले, “या सत्रात कोणते विषय घेतलेस?” ती म्हणाली, “दोन नेहमीचे, आणि एक ऑनर्सचा स्पेशल टॉपिक्स.” “म्हणजे काय शिकवणार?” “ते अजून ठरायचंय, बाबा.” बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. एवढी फी भरून जो विषय घ्यायचा, तो अजून ठरायचा आहे! मध्यमवर्गीय बापाच्या काळजात धस्स व्हावे असेच ते उत्तर होते.

पण ते उत्तर अगदी खरे होते. तिकडच्या बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमाच्या यादीत एक-दोन क्रमांक असे असतात की त्यांच्यापुढे विषयाचे नाव नसते, नुसते ‘विशेष विषय’ असे लिहिलेले असते. ती एक रिकामी चौकट. त्या सत्रात एखाद्या प्राध्यापकाच्या डोक्यात जे घोळत असेल ते तिच्यात बसवायचे. पुढच्या सत्रात दुसरा प्राध्यापक, दुसरा विषय. विषय निराळा असेल तर त्याच क्रमांकाचा वर्ग विद्यार्थ्याला पुन्हाही घेता येतो. एखादा विषय चांगला रुजला तर कालांतराने त्याला स्वतःचे नाव व क्रमांक मिळतो. न रुजला तर गाजावाजा न होता तो विसरला जातो.

‘ऑनर्स’ ही भानगडही जाता जाता समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे ऑनर्स म्हटले की गुणपत्रिकेवरचा शिक्का आठवतो. अमेरिकेत तो शब्द एका वेगळ्या वर्गाचा आहे. निवडक विद्यार्थी, लहान वर्ग, व्याख्यानापेक्षा चर्चा अधिक आणि शेवटी बहुधा एक प्रबंधिका. या पद्धतीचा एक मोठा प्रवर्तक म्हणजे स्वार्थमोर महाविद्यालयाचा अध्यक्ष फ्रँक एडलॉट. तो ऑक्सफर्डला शिकून आलेला होता. १९२२ साली त्याने आपल्या महाविद्यालयात ऑनर्सचे वर्ग सुरू केले आणि परीक्षा घ्यायला परीक्षक बाहेरून बोलावण्याची प्रथा पाडली. यातली खुबी पाहा. परीक्षक बाहेरचा आला की शिकवणारा आणि शिकणारा एका बाजूला होतात. आपल्या मास्तरांना खूष करण्याऐवजी मास्तरांना बरोबर घेऊन तिऱ्हाइतासमोर उभे राहायचे असते. अशा विद्यार्थ्यांसमोर ती रिकामी चौकट ठेवली की काय घडू शकते, हा माझ्या कुतूहलाचा विषय झाला.

संगणकविद्येच्या इतिहासात याचा एक नामी मासला आहे. १९५१ सालची गोष्ट. तेव्हा माहितीशास्त्राला स्वतःचे नावही मिळालेले नव्हते. जर्मन भाषेत ‘इन्फॉर्मातिक’ हा शब्द आला तो १९५७ मध्ये, कार्ल स्टाइनबुख यांच्या लेखणीतून. पण बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.मध्ये रॉबर्ट फानो नावाचे प्राध्यापक ‘माहितीचा सिद्धान्त’ हा अगदी कोवळा विषय शिकवत होते. क्लॉड शॅनन यांनी त्याचा पाया घालून जेमतेम तीन वर्षे झाली होती. फानोंनी वर्गाला सवलत दिली की ज्याला अखेरची परीक्षा नको असेल त्याने एक निबंध लिहावा. एक प्रश्न दिला: अक्षरे, आकडे किंवा इतर चिन्हे शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहायची झाली तर कमीत कमी खुणांत ती कशी लिहावीत?

प्रश्न ऐकायला बालिश वाटतो. आपल्या गृहिणींनी तो केव्हाच सोडवलेला आहे. मिठाचा डबा हाताशी आणि पुरणयंत्र माळ्यावर! जे वारंवार लागते त्याला छोटी खूण, जे क्वचित लागते त्याला लांब. पण ‘याहून चांगली मांडणी शक्यच नाही’ हे सिद्ध करून दाखवायचे म्हटले की स्वयंपाकघर मागे पडते आणि गणित पुढे येते. वर्गात डेव्हिड हफमन नावाचा पंचविशीतला एक विद्यार्थी होता. परीक्षा टळते म्हणून त्याने निबंध पत्करला. महिनोन् महिने तो झटला. बऱ्याच युक्त्या सापडल्या, परंतु अमुक एक सर्वांत उत्तम आहे असे काही सिद्ध होईना. शेवटी परीक्षाच देऊ या म्हणून त्याने टिपणांचे कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकायला घेतले, आणि त्याच वेळी उत्तर सुचले.

उत्तर असे की, सुरुवात वरून करायचीच नाही, खालून करायची. समजा, एका निरोपात सोळा अक्षरे आहेत: ‘क’ आठ वेळा, ‘र’ चार वेळा, ‘ल’ दोनदा आणि ‘म’ दोनदा. प्रत्येकाला दोन-दोन खुणा दिल्या तर एकूण बत्तीस लागतील. हफमन म्हणतो, आधी सर्वांत कमी लागणारी दोन अक्षरे उचला. ल आणि म यांची गाठ मारा. त्या गाठोड्याचे वजन चार. आता उरलेल्यांत सर्वांत हलके कोण? हे गाठोडे आणि र. त्यांची गाठ मारा, वजन आठ. शेवटी हे मोठे गाठोडे आणि क. आता गाठी उलट सोडत या आणि प्रत्येक ठिकाणी एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला एक लिहा. क ला मिळाले ०, र ला १०, ल ला ११० आणि म ला १११. बेरीज करून पाहा, बत्तीसच्या जागी अठ्ठावीस खुणा झाल्या. शिवाय कोणत्याही अक्षराची खूण दुसऱ्याच्या खुणेची सुरुवात नाही, म्हणून अक्षरांमध्ये जागा सोडण्याचीही गरज नाही. चार खुणांची बचत तुम्हांला क्षुल्लक वाटेल. परंतु आपण मोबाईलवर एकमेकांना जी छायाचित्रे पाठवतो त्यांतल्या जेपीईजी पद्धतीच्या चित्रांत, एमपी-३ गाण्यांत आणि झिप करून पाठवलेल्या फायलींत आजही ही गाठीची युक्ती काम करते आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. हा प्रश्न कुणालाच सुटलेला नाही, हे फानोंनी वर्गाला सांगितलेच नव्हते. स्वतः फानो आणि शॅनन, दोघेही त्याच्यावर डोके फोडून बसले होते. त्यांची युक्ती वरून खाली वाटण्या करत येणारी होती. ती चांगली होती, पण सर्वोत्तम नव्हती. एवढ्या मोठ्या माणसांना हे जमलेले नाही असे आधी कळले असते तर आपण बहुधा त्याच्या वाटेलाही गेलो नसतो, असे हफमन यांनीच पुढे सांगितले. १९५२ साली तो निबंध छापून आला आणि परीक्षा चुकवण्यासाठी लिहिलेला तो मजकूर पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

दुसरी कथा त्याच संस्थेतली, १९७८ सालची. लिन कॉनवे या कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत. पाहुण्या प्राध्यापक म्हणून त्यांना एम.आय.टी.ने बोलावले. विषय होता संगणकाची चिप कशी आखावी हा. तोवर चिप आखणे हे मोठ्या कंपन्यांच्या बंद दाराआडचे काम होते. कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी त्याचे सोपे नियम बसवले होते, पण पुस्तक अजून छापून यायचे होते. कॉनवेबाई वर्गाला भीत होत्या. दहा वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, आय.बी.एम. कंपनीने त्यांना नोकरीवरून काढले होते. जन्मापासून पुरुष म्हणून नोंद असलेल्या लिन यांनी स्त्री म्हणून जगण्याचे ठरवले, हा त्यांचा अपराध. (कंपनीने माफी मागितली ती २०२० साली; २०२४ मध्ये बाई वारल्या.) त्यानंतर नव्या नावाने, जुने आयुष्य लपवून, त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली होती. अशा बाईला भर वर्गात उभे राहायचे होते. म्हणून त्यांनी प्रत्येक तासाची टिपणे इतकी बारकाईने लिहून काढली की पुढे दुसऱ्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना तीच वाटाड्या झाली.

सत्राच्या पहिल्या भागात त्यांनी नियम शिकवले आणि दुसऱ्या भागात सांगितले की प्रत्येकाने स्वतःची चिप आखायची. एकेका विद्यार्थ्याची चिप वेगळी बनवायची तर खर्च कुणाला परवडणार? त्यावर उपाय आपल्या शेअर रिक्षेसारखा. सगळ्यांचे आराखडे एकत्र बसवून एकदमच तयार करायचे. आराखडे त्या काळच्या अर्पानेट या संगणकजालावरून कॅलिफोर्नियाला गेले, ह्यूलेट-पॅकार्डच्या कारखान्यात सिलिकॉनवर उमटले आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला चिपा विद्यार्थ्यांच्या हातात आल्या. गाय स्टील नावाच्या विद्यार्थ्याने तर एक अख्खा छोटा संगणकच आखला होता! चार-पाच वर्षांत शंभरावर विद्यापीठांत हा वर्ग पोचला.

अशा वर्गांची दुसरी बाजूही आहे. रिकाम्या चौकटीत कचराही भरता येतो. काही वर्षांपूर्वी जिकडेतिकडे ‘ब्लॉकचेन’ होते, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. फॅशन बदलली की चौकटीतले चित्र बदलायचे, असे करणारे प्राध्यापक सगळ्याच देशांत निघतात. आपल्या संशोधनाची हमाली विद्यार्थ्यांकडून करून घेणारेही असतात. छापील अभ्यासक्रम हा विद्यार्थ्याला निदान एक करार तरी असतो, हे विसरून चालणार नाही.

तरीही अलीकडचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेव्हिन वेस्ट हे माहितीशास्त्राचे आणि कार्ल बर्गस्ट्रॉम हे जीवशास्त्राचे प्राध्यापक. २०१७ च्या जानेवारीत त्यांनी एका नव्या छोट्या वर्गाचा आराखडा इंटरनेटवर मांडला. वर्गाच्या नावात एक असा इंग्रजी शब्द होता की त्याचे शब्दशः भाषांतर दिवाळी अंकाच्या संपादकांना चालणार नाही. आपण सोवळ्याने ‘थापा ओळखण्याची विद्या’ म्हणू. येथे ऑनर्सची चाळणी नव्हती. एकशे साठ जागा होत्या आणि त्या पहिल्या मिनिटात भरल्या. आकड्यांच्या आणि संगणकाच्या तोंडून बोलल्या जाणाऱ्या थापा कशा पकडाव्यात हे त्यांनी शिकवले. एक मासला असा: नुसत्या चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखणारे यंत्र आपण बनवले, असा दावा २०१६ मध्ये दोन संशोधकांनी केला होता. या दोघांनी विचारले, छायाचित्रे आणली कुठून? गुन्हेगारांची सरकारी ओळखपत्रावरची, आणि सभ्य माणसांची संकेतस्थळांवरची, म्हणजे बहुधा स्वतःहून दिलेली, हसतमुख. यंत्राने ओळखले ते गुन्हेगारीला नव्हे, हसण्याला! हे समजायला संगणकाच्या पोटात शिरावे लागत नाही, त्याला काय खाऊ घातले ते विचारावे लागते. पुढे तो वर्ग नेहमीचा विषय झाला आणि २०२० मध्ये त्याचे पुस्तकही निघाले.

हा सगळा खटाटोप मराठीच्या मास्तरने का करावा, असे वाचक म्हणतील. त्याचे कारण आमच्या दाराशीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडे चार वर्षांची ऑनर्स पदवी आणली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनही घेता येते. म्हणजे आमच्यापुढेही एक रिकामी चौकट येणार आहे. तिच्यात आणखी एक ‘विशेष ग्रंथकार’ बसवायचा, हा सोपा मार्ग आहेच. संगणक विभागातल्या आमच्या एक सहकारी बाई आणि मी, आम्ही मिळून दुसरा विषय सुचवला आहे: यंत्राला मोडी वाचायला शिकवणे.

मोडीला यंत्रासाठी अधिकृत अक्षरसंच मिळाला तो २०१४ साली, युनिकोडमध्ये. पण अक्षरे टंकता येणे निराळे आणि जुना कागद वाचता येणे निराळे. मोडी हात न उचलता लिहीत, शब्दांत जागा सोडत नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध फारसा पाळत नसत, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. घरोघरच्या ट्रंकांतले निराळेच. वाचू शकणारी माणसे मात्र थोडी. विद्यार्थ्याने कागद मिळवायचा, तो कुठून आला ते विचारायचे, जाणकाराकडून वाचून घ्यायचा, मग यंत्राला शिकवायचा आणि यंत्र कुठे थापा मारते ते पकडायचे. अचूक उत्तर आम्हां दोघांनाही ठाऊक नाही. फानोंप्रमाणे ते लपवावे की सांगून टाकावे, यावर आमचा वाद अजून चालू आहे. बाई म्हणतात सांगावे. मी म्हणतो, निदान दिवाळीपर्यंत थांबू या.

बैठकीत पहिला प्रश्न आला, “पुस्तक कोणते लावणार?” दुसरा आला, “पेपर कसा काढणार?” शेवटी प्रस्ताव संदर्भग्रंथांची यादी जोडावी या शेऱ्यासह परत आला. ती आम्ही जोडली आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे: एका विद्यार्थिनीच्या आजोबांच्या ट्रंकेतील मोडी कागद, नग सदतीस, अद्याप न वाचलेले.