पाचव्या वजाबाकीला ६१७४

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरापासून विद्यापीठाचा गणित विभाग साठेक किलोमीटर. दोन वर्षं मी रेल्वेने ये-जा केली. शाळा मराठी माध्यमाची, बी.एस्सी.पर्यंत उदाहरणं भराभर सोडवत आले होते. एम.एस्सी.ला उदाहरणं मागे पडली, सिद्धता सुरू झाल्या. उत्तर काय, यापेक्षा ते तसंच का, हे पटवून द्यायचं. ‘कोणताही धन एप्सिलॉन घ्या’ एवढं वाक्य अंगी मुरायला मला तीन आठवडे लागले, आणि ते मुरलं तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

डब्यात शेजारी बसणारी भाजीवाली मावशी विचारायची, “एवढं शिकून हिशोबच ना गं?”

तिला मी द. रा. कापरेकरांचा शोध दाखवला. देवळालीच्या शाळेत शिकवणारा हा माणूस; पदव्युत्तर पदवी नाही, तरी त्यांचं नाव जगभरच्या गणितात आहे. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, मग उत्तराचंही तेच. आम्ही विद्यापीठाचं स्थापनावर्ष घेतलं, १९५८.

९८५१ − १५८९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

इथून पुढे ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्या.

मावशीने स्वतःची संख्या घेतली, उधारीच्या वहीत मांडली. बदनापूर गेलं तरी मान वर नाही.

“पण दरवेळी तेच का येतं?”

“मावशी, आमच्या विभागात दिवसभर हेच विचारतात.”