लेकराला घेऊन जातो म्हणते...

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्धा नदीला पूर आलेला, राजुरा-बल्लारपूर रस्त्यावरचा पूल बंद. चंद्रपूरला जायचं होतं ते राहिलं म्हणून मी घरीच डबे-बरण्या पुसत बसले होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू पदर डोक्यावर घेऊन भिजतच दारात आल्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, आता तुम्हीच तिले समजवा. आमची सून लेकराले घेऊन परदेशात जातो म्हणते!"

सून बी.ए., बी.एड. इथल्याच एका खासगी शाळेत शिकवते. पगार सांगायला लाजावं इतका. तिची कॉलेजची मैत्रीण मालदीवमध्ये शिक्षिका आहे. तिच्या ओळखीनं हिनं अर्ज केला, मुलाखत दिली आणि दोन वर्षांच्या करारावर निवडसुद्धा झाली. नवरा सिमेंट कारखान्यात कामाला, तो गप्प. 'नको' म्हणत नाही, 'जा' पण म्हणत नाही. मुलगी अवघी दोन वर्षांची.

"नोकरी करू नको असं म्हणतो का आम्ही?" काकू म्हणाल्या. "पण दोन वर्षांचं लेकरू घेऊन समुद्रापार? आजवर कोणी बाई गेली का अशी?"

मी चहा टाकला. आणि म्हटलं, "काकू, गेली होती. एक बाई गेली होती. तीही मास्तरीणच होती आणि तिची पोरगीही तेव्हा दोनच वर्षांची होती."

मैत्रिणींनो, पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. थोर समाजसुधारक, एवढं उत्तर लिहिलं की दोन मार्क मिळायचे. पण परदेशात राहून शिकवणारी, शिकणारी, पोरीच्या आठवणीनं कासावीस होणारी, जेवणाच्या ताटापासून धर्मापर्यंत स्वतःचं म्हणणं सोडायला तयार नसलेली एक तरुण बाई म्हणून आपण तिच्याकडे बघतच नाही.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. बाईला वेदशास्त्राची भाषा शिकवतो म्हणून लोकांचा रोष झाला, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. रमाबाई आईच्या तोंडूनच शिकल्या. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव फिरलं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही जातीबाहेरचं. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं नवरा गेला. वय पुरतं चोवीसही नाही, कडेवर दहा महिन्यांचं लेकरू, माहेर नाही, सासर जवळ करणार नाही.

आपल्याकडे अशा बाईला काय सांगतात? "आता लेकराकडे बघून दिवस काढ." रमाबाईंनी लेकराकडे बघितलं, पण नुसते दिवस काढले नाहीत. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना शिकवायला बायकाच हव्यात आणि आजारी बायांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असं ठणकावून सांगितलं. मग वाटलं, आपणच डॉक्टर व्हावं. त्यासाठी विलायतेला जायचं. पैसे कुठून आणायचे? 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय केली.

20 एप्रिल 1883. मुंबईहून आगबोट निघाली. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजेच धर्म बुडवणं. लोक काय काय बोलले असतील, ते आपल्या गल्लीवरून ओळखावं!

इंग्लंडात त्या वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टर्सच्या मठात उतरल्या. या सिस्टर्सचं पुण्यातही काम होतं, ओळख तिथलीच. पण फुकट राहायचं नाही, हे ठरलेलं. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या सिस्टर्सना रमाबाई मराठी शिकवायच्या आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकायच्या. मला ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्याच्या दारात गेली खरी, पण हात पसरून नाही. आपली मायबोली हीच तिची पुंजी!

डॉक्टर व्हायचं मात्र राहिलं. कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो रस्ताच बंद झाला. 1884 मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या मुख्य बाई डोरोथिया बील. रमाबाई तिथे संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या. एका तासाला मास्तरीण, दुसऱ्या तासाला विद्यार्थिनी! जेवण शाकाहारी. कपडे आपल्याच रीतीचे. थंडी विलायतेची, पण बाई आपली ती आपलीच.

आता ऐका गंमत. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, अशी गोष्ट निघाली. तर मोठमोठे बिशप आडवे आले. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची किंमत कमी होईल म्हणे! रमाबाईंनी पत्रातून उत्तर दिलं. माझ्या आईनं तरुण मुलांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मी शिकवलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं घेतली नाही, मग तुम्ही इंग्रज लोक कसे हरकत घेता, याचंच नवल वाटतं, अशा अर्थाचं ते उत्तर होतं. वाचताना मला हसू आलं. म्हणजे 'बाईनं एवढं पुढं पुढं करू नये' हे फक्त आपल्या राजुऱ्यातच म्हणतात असं नाही!

पण सगळं गोडगोडच लिहिलं तर ते खोटं होईल. परदेशानं रमाबाईंकडून पुष्कळ काही घेतलंही. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी, 1883 मध्ये, वाँटेजला जीव दिला. अनोळखी मुलखात सोबतीची एकुलती एक मैत्रीण अशी जाणं, कल्पनासुद्धा करवत नाही. सप्टेंबर 1883 मध्ये रमाबाईंनी मनोरमासह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावर इकडे मोठं वादळ उठलं. तिकडेही सुख नव्हतंच. मठातल्या वडीलधाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्माच्या गोष्टींवरून खटके उडत. मनोरमाला काय शिकवायचं हे मी आई म्हणून ठरवीन, यावर रमाबाई अडून बसल्या. त्यांचा हा पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला आहे.

1886 च्या सुरुवातीला त्या मनोरमाला घेऊन अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात हा समारंभ झाला. एक मराठी मुलगी डॉक्टर होते आहे आणि दुसरी तिचं कौतुक करायला समुद्र ओलांडून आली आहे, डोळ्यांपुढे आणा हे चित्र! जायचं होतं थोड्या दिवसांसाठी, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. तिथे त्यांनी लहान मुलांना खेळातून शिकवायची बालवाडीची पद्धत शिकून घेतली. 1887 मध्ये इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून आपल्याकडच्या बालविधवांची स्थिती जगापुढे मांडली. गावोगाव भाषणं दिली. गुलामीतून स्वतः सुटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांना भेटल्या आणि ती हकिकत मनोरमाला पत्रातून कळवली.

हो, पत्रातूनच. कारण मनोरमाला त्यांना परत इंग्लंडला, वाँटेजच्या सिस्टर्सकडे पाठवावं लागलं होतं. सततच्या प्रवासात एवढंसं लेकरू किती फरफटवायचं? पाच-सहा वर्षांची पोर एका देशात, आई दुसऱ्या देशात. जी आई 'लेकराला घेऊन जाईन' म्हणून निघाली, तिलाही शेवटी दूर राहावं लागलं. हे मी काकूंपासून लपवलं नाही.

काकूंचा कप तसाच थंड झाला होता. त्यांनी एकच विचारलं, "पण परत आली का ती बाई?"

आली. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिनं दहा वर्षं शाळेचा खर्च देण्याचं कबूल केलं. रमाबाई 1888 च्या अखेरीस जपानमार्गे निघून फेब्रुवारी 1889 मध्ये मुंबईला पोचल्या आणि थोड्याच आठवड्यांत, 11 मार्च 1889 ला, शारदा सदन उघडलं. विधवांना राहायला, शिकायला हक्काची जागा. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. जे पाहिलं ते आपल्या बायाबापड्यांना आपल्या भाषेत कळावं म्हणून.

शारदा सदनावरही संकटं आली. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून 1893 मध्ये वाद पेटला. सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. आपला राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात गुलबर्ग्याला पुढे रमाबाईंच्या संस्थेनं शाळा काढली आणि ती सांभाळली कुणी? मनोरमानं! बोटीवरची ती दोन वर्षांची पोर स्वतःच मास्तरीण झाली होती.

आणखी एक धागा सांगते. शारदा सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. 1893 मध्ये तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. याच गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा, उशिरा शिकलेल्या. कर्व्यांच्या आश्रमासाठी निधी गोळा करायला आणि इंग्रजी शिकायला 1918 मध्ये, वय पन्नाशीला टेकलेलं असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी केली, पण नाउमेद झाल्या नाहीत. 1920 मध्ये परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. एक बाई बाहेर पडली की मागच्या कितीजणींसाठी दार किलकिलं होतं, ते असं.

म्हणून प्रत्येकीनं परदेशी जावं असं मी म्हणत नाही. राजुऱ्याहून जिवतीच्या पहाडावर बदली झाली तरी आपल्याकडे घरात रडारड होते. जायचं की नाही, हे त्या-त्या घरानं ठरवावं. पण ठरवताना त्या बाईलाही विचारावं, आणि 'आजवर कोणी गेली का' हे कारण तरी देऊ नये.

आणि जायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून जावं. दुसऱ्या दिवशी सून आली तेव्हा आम्ही दोघींनी कागद काढून बसून यादी केली. पगार, राहण्याची सोय, सुट्ट्या, परतीचं तिकीट हे सगळं करारात लिहिलेलं आहे का? लेकराला सोबत नेण्याची परवानगी कागदावर आहे, की नुसती तोंडी? ती शाळेत गेल्यावर पोरीला कोण बघणार? एजंट मध्ये असेल तर परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी आहे का? पासपोर्ट स्वतःजवळच ठेवायचा, त्याची एक झेरॉक्स घरी. आपल्या वकिलातीचा फोन नंबर पाठ. आणि शेवटचं, नाही जमलं तर परत यायला लाज वाटून घ्यायची नाही.

'पोरीला कोण बघणार' यापुढे जागा कोरीच राहिली. तिथे काय लिहावं हे दोघींनाही सुचेना.

चार दिवसांनी पूल मोकळा झाला. मी बसस्टँडवर उभी होते, तर काकू नातीचं बोट धरून दुकानातून बाहेर येताना दिसल्या. मला बघून जवळ आल्या. म्हणाल्या, "ताई, पासपोर्टले कोणते कोणते कागद लागतात व?"

"सुनेचा काढायचा राहिला का?"

"तिचा हाय. माहा काढाचा हाय. पहिले सहा महिने मी जातो सोबत. लेकराले कोणीतरी पाहाले पाहिजे ना!"