घरचा प्रिंटर कसा निवडावा?

माझी ताई बारावीला आहे. तिची पाने छापायला तालुक्याला जावे लागते. म्हणून घरी प्रिंटर घ्यायचा आहे. बाबा म्हणाले, स्वस्तातला बघू. आजी म्हणाली, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला नको!" मग मी हिशेब मांडला.

प्रिंटर एकदाच घेतात, शाई पुन्हा पुन्हा लागते. शाईच्या किमतीला पानांनी भागावे. किती पाने निघतात ते माहितीपत्रकात असते. समजा, ६०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १५० पाने निघाली, तर पानाला ४ रुपये पडले. टाकीच्या प्रिंटरची ४०० रुपयांची बाटली ४००० पाने छापते असे धरू. मग पानाला १० पैसेच! टाकीचा प्रिंटर ७८०० रुपयांनी महाग असला तरी २००० पानांत पैसे वसूल होतात.

पण बरेच दिवस छापले नाही तर शाई वाळते. आठवड्याला एक तरी रंगीत पान काढावे. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी असते, ती वाळत नाही.

वर्षाला दहा-वीस पानेच लागत असतील तर दुकानच बरे. आमची पाने पुष्कळ, म्हणून आम्ही टाकीचाच घेणार. तुम्हीही आधी पाने मोजा, मग पैसे काढा.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी