पिक्चरमध्ये नंबर लागला!

त्या दिवशी दुपारी जेवण आटोपून जरा आडवी होणार, तोच बेल वाजली. दारात आमच्या अभ्यासवर्गात येणारी सातवीतली मुलगी आणि तिची आई. दोघींच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ताई, पोरीचा पिक्चरमध्ये नंबर लागला!"

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं विचारून घेतलं. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवला होता. मोठ्या चित्रपटासाठी बालकलाकार हवेत, मुंबईला यायची गरज नाही, मोबाइलवरच ऑडिशन. पोरीने गाण्यावर नाचून व्हिडिओ पाठवला आणि अर्ध्या तासात 'सिलेक्ट' असा निरोप आला. आता संध्याकाळपर्यंत रजिस्ट्रेशन आणि कार्डाचे ५,१०० रुपये भरायचे होते. भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. तेच द्यायचे, असं माउलीने ठरवून टाकलं होतं.

"पिक्चरचं नाव काय गं? डायरेक्टर कोण?"

"ते नाही सांगतलं बाप्पा. मॅडम म्हणे, आधी पैसे भरा, जागा भरून राहिल्या."

मला हसू आलं नाही. मैत्रिणींनो, आज कबूलच करते. २००६ साली माझी लेक आठ वर्षांची असताना मीही एका हॉटेलच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहिले होते. जाहिरातीसाठी गोड चेहरे हवे होते म्हणे. फोटोंच्या अल्बमचे दोन हजार रुपये मोजले. अल्बम आला, फोन काही आला नाही. ह्यांना आजतागायत सांगितलेलं नाही, आता पेपरातच वाचतील! बी.ए. झालेली मी फसले, मग तिला कुठल्या तोंडाने वेडी म्हणू?

"तुझ्यासारख्या मुलीला कोण घेतंय पिक्चरमध्ये," असंही म्हणवेना. कारण ते खोटं आहे. आपल्या नागपुरातच ते खोटं ठरलंय.

'झुंड' आठवतो ना? हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावलं, त्यावरचा नागराज मंजुळेंचा सिनेमा. अमिताभ बच्चन त्यासाठी २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात आले, तेव्हा गावभर तीच चर्चा होती. पण त्यांच्यासोबत पडद्यावर दिसली ती नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं. अभिनयाची शाळा कुणी पाहिलेली नाही. त्यांतल्या अंकुश गेडामला पुढे पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. 'झुंड' तसा मोठ्या खर्चाचा. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' मात्र छोटा सिनेमा. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे झाले ते नागपूरचे वीरा साथीदार. चळवळीतला माणूस, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. 'कोर्ट'ला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साथीदार २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले.

आणि 'स्थळ'! जयंत सोमलकरांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात केला आणि कलाकारही त्याच भागातले घेतले. २०२३ ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला, २०२५ च्या मार्चमध्ये तो आपल्याकडे थिएटरात लागला. मुलगी पाहायला आलेली मंडळी तिला नाव, शिक्षण, उंची विचारतात, ते पाहताना मला मात्र ऑडिशनच आठवत होतं. इथे नंबर लागला नाही तर पुढचं स्थळ, एवढाच काय तो फरक!

पैसा कमी म्हणून नवखी माणसं घेतात, असं आपल्याला वाटतं. तेही असेलच. पण आपली बोली, उकिडवं बसायची पद्धत, डोक्यावर घमेलं घेऊन चालणं हे बाहेरच्या नटाला शिकवायला किती दिवस लागतील! म्हणून अशी माणसं शोधणारा स्वतः वस्तीत येतो, पारावर बसतो, चहा पितो, मोबाइलवर चार वाक्यं बोलून घेतो. आवडलं तर पुन्हा येतो, तालमी घेतो. पैसे तो देतो, मागत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्या माउलीला तीनदा सांगितलं.

मुलगी चौदा वर्षांच्या आतली असेल तर कायदाही आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला नियम आले. शूटिंगला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर तर नाहीच. मिळकतीतला निदान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. "म्हणजे त्यांनीच पोरीच्या नावानं पैसे टाकायचे?" आईने डोळे मोठे करून विचारलं. आधी पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, हेही सांगून ठेवलं.

मुलगी मात्र तोंड पाडून बसली होती. आईचे पैसे वाचले, पण तिचा पिक्चर गेला ना!

खरं सांगायचं तर निवड झाल्यावरचीच मला जास्त काळजी वाटते. 'झुंड'मधल्या एका मुलाचा ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे नागपुरातच खून झाला. जेमतेम एकवीस वर्षांचा. ती बातमी वाचली त्या दिवशी हातून काम होईना. सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण दोन महिने सगळं गाव ज्याच्यासोबत फोटो काढतं, तो पोरगा त्यानंतर त्याच गल्लीत परत येतो. त्याचं शिक्षण, त्याचा कामधंदा कोण बघतं? वस्तीत कॅमेरा आणणाऱ्यांनी याचा विचार करावा, आणि आम्ही वस्तीत काम करणाऱ्या बायांनीही.

गेल्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा स्कूटरवर वस्तीत आला. मोबाइलवरच छोटी फिल्म करायची होती त्याला. मी त्याला आधी घरी बोलावलं. गोष्ट काय, किती दिवस, जेवण कोणाचं, मानधन किती, सगळं कागदावर लिहून घेतलं. बिचारा घामाघूम झाला! मग आमच्या सातवीवालीला खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर उभं केलं. फोन आडवा धरला. तिने नाव, वय सांगितलं आणि एकदम नाचायलाच लागली. तो म्हणाला, "नाचू नको, आज शाळेत काय झालं ते सांग." तेवढ्यात तिची आजी मागून ओरडली, "आज कुठली शाळा? आज तं दांडी मारली हिनं, मावशीकडे आंबे खात बसली होती!"

त्याने फोन आजीकडे वळवला.

आजींची निवड झाली. दोन दिवसांचं काम, दोन्ही वेळचं जेवण आणि पाकीट. नात रुसली, तर तिला क्लॅप द्यायचं काम मिळालं. शूटिंग परवा रविवारी आहे. काल संध्याकाळी आजी येऊन विचारून गेल्या, "बाई, लुगडं नवं नेसू का रोजचंच?" रोजचंच नेसा म्हटलं, तर फार हिरमुसल्या.