वस्तीतली जनावरे, पालिकेचे नियम आणि आपले आरोग्य

पावसाळ्याच्या तोंडावर अनेक शहरांत हा प्रकार दिसतो. वस्तीमागच्या नाल्याकडे पालिकेची गाडी येते. दोर आणि जाळी घेतलेली माणसे उतरतात, डुकरे ओरडत पळतात, बाया-पोरे दारात येऊन बघतात. चार डुकरे गाडीत जातात, बाकीची नाल्यापलीकडे. आरोग्य विभागाने कारवाई केल्याची नोंद कागदावर होते. नाला मात्र तुंबलेलाच राहतो, सार्वजनिक शौचालयाचे मोडलेले दार मोडलेलेच राहते, आणि पंधरा दिवसांत पळालेली डुकरेही परतलेली असतात.

या प्रश्नात दोन्हीकडे आपलीच माणसे आहेत, म्हणून आरोग्य पानावर आम्ही तो घेतला आहे. डुकरांच्या उपद्रवाने कंटाळून वॉर्ड ऑफिसात अर्ज देणारे आपले. दोन बकऱ्या आणि दहा कोंबड्यांवर मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणारी बाईही आपलीच. डुकरे पाळणारी घरे बहुधा शेजारच्या गल्लीतली असतात, आपल्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेली. तेव्हा पालिकेला नेमका कोणता अधिकार आहे आणि आजार नेमका कुठून येतो, हे दोन्ही नीट माहीत असलेले बरे. नाहीतर भांडण वस्तीतल्या वस्तीत होते आणि पालिका नामानिराळी राहते.

आधी नियम. मुंबईपुरते पाहायचे तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातले ३८४ वे कलम महत्त्वाचे. त्यात तीन गोष्टी आहेत. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय शहरात डुकरे पाळता येत नाहीत. दुसरे कोणतेही जनावर लोकांना उपद्रव होईल किंवा धोका होईल अशा रीतीने पाळता येत नाही. आणि कोणत्याही जनावराला विष्ठा, शेण, घाण यांवर पोसता येत नाही, तसे चरूही देता येत नाही. यातला फरक लक्षात घ्या. डुकरासाठी आधी परवानगी हवी. कोंबडी-बकरीच्या बाबतीत हे कलम विचारते ते एवढेच, की तिचा लोकांना उपद्रव किंवा धोका आहे काय. 'वस्तीत जनावर दिसले की उचलणार' असे कोणी दारात येऊन म्हणाले, तर कोणत्या कलमाखाली, हे शांतपणे विचारावे.

मुंबईबाहेरच्या महापालिकांना १९४९ चा अधिनियम लागू आहे, नगरपरिषदांना १९६५ चा. शब्द थोडे वेगळे, त्याखालचे उपविधी आणि ठराव प्रत्येक शहराचे आपापले. गाई-म्हशींसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. तो लागू असलेल्या शहरी भागात परवान्याशिवाय गुरे ठेवता येत नाहीत. म्हणून आपल्या गावाचा ठराव कोणता, तो कधी झाला, त्याची प्रत मिळवणे हे पहिले काम.

ठरावाची प्रत का, तर कागदावरचा ठराव आणि गल्लीतली वागणूक यांतले अंतर आपल्या समाजाइतके कोणाला माहीत असेल? महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. आपल्या माणसांना मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे चालत जाऊन ते पाणी घ्यावे लागले. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ठराव होतात, विसरले जातात, रद्दही होतात. त्यांच्यावर नजर ठेवणारे लोक लागतात.

आता आजाराकडे येऊ. डुकराविषयी वस्तीत सर्वांत जास्त बोलले जाते ते 'मेंदूतल्या किड्या'बद्दल. डुकराचे मटण खाल्ले की मेंदूत किडा जातो, असा समज घरोघरी आहे. ही गोष्ट अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागातच आपल्या कामाची माहिती आहे.

हा जंत पट्टीसारखा चपटा आणि लांब असतो. त्याचे एक चक्र आहे. कच्चे राहिलेले, जंताच्या पुटकुळ्या असलेले डुकराचे मटण माणसाने खाल्ले तर त्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. शौच उघड्यावर झालेले असेल तर डुक्कर ते खाते, आणि त्याच्या मांसात पुन्हा तांदळाच्या दाण्यांएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या होतात. इथपर्यंत आतड्यातला जंत झाला. मेंदूतली गाठ होते ती वेगळ्या वाटेने. माणसाच्या शौचातली ती अंडी दूषित पाण्यातून, सांडपाण्यावर पिकवलेल्या आणि नीट न धुतलेल्या कोथिंबीर-गाजरातून किंवा शौचाहून आल्यावर न धुतलेल्या हातांतून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथे गाठ होते. डॉक्टर त्याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

म्हणजे ज्याने जन्मात डुकराचे मटण तोंडात घातले नाही, त्यालाही हा आजार होतो. पूर्ण शाकाहारी घरातही होतो. अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेतून. डुक्कर त्या चक्रात आहे खरे, पण आपण त्याच्या तोंडी विष्ठा पडू देतो म्हणून आहे. वस्तीला पुरेशी, पाण्याची सोय असलेली शौचालये असतील आणि मटण आतपर्यंत शिजवले जात असेल, तर हे चक्र तुटते. शौचालय नसेल, तर डुकरे उचलल्यावरही एखाद्या घरात जंत असलेल्या माणसाच्या हातून अंडी पसरतच राहतात.

या आजाराची मुख्य खूण म्हणजे फिट येणे. मिरगीच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हा जंत प्रमुख असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि फिट आली की अजूनही कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, कोणी अंगात आले म्हणतो, कोणी दोरा बांधून आणतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शोभत नाही, एवढेच म्हणून पुढे जातो. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि सरकारी रुग्णालयात न्या. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसते आणि औषधाने बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात. जंताची गोळी मात्र अशा रुग्णाला मेडिकलमधून आणून स्वतःच देऊ नये. मेंदूतल्या अळ्या मरताना सूज वाढते, म्हणून ती गोळी डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

डुकरांमुळे दुसरा धोका मेंदूज्वराचा. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत वाढतो आणि भातखाचरांतल्या डासांमार्फत माणसांत येतो. भंडारा-गडचिरोलीकडच्या वाचकांनी याकडे जास्त लक्ष द्यावे. तिकडे बाळाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास ही लस मिळते; कार्डावर नोंद आहे का, पाहा. डुकरांचे खुराडे घरांपासून जितके दूर, तितका धोका कमी.

पावसाळ्यातला लेप्टो हा केवळ उंदरांचा आजार नाही. गाई-म्हशी, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रातूनही तो साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात जातो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर पालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा. प्रतिबंधक गोळी तिथे देतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे असतील तर एक दिवसही थांबू नका.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग डुकरे उचललेलीच बरी. दाट वस्तीत मोकाट डुकरे नसावीत, हे आमचेही स्पष्ट मत आहे. प्रश्न आहे तो कसे आणि कोणाच्या खर्चाने. मुंबईतल्या तबेल्यांची घाण वाढली तेव्हा म्हशी शहराबाहेर हलवायचे ठरले आणि १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे तीन हजार एकर जागा, गोठे, पाणी, दुधाची व्यवस्था, सगळे सरकारने केले. (त्या जागेत आधीपासून राहणाऱ्या वारली पाड्यांचे काय झाले, तो वेगळा लेख होईल.) तबेलेवाल्यांच्या म्हशी हलवताना पर्यायी जागा द्यावी लागते, हे सरकारला तेव्हा समजले होते. चार डुकरांवर पोट असलेल्या कुटुंबासाठी नुसती गाडी का येते? पालिकेने वस्तीबाहेर वराहपालनाची जागा नेमून द्यावी, ही मागणी अर्जात लिहायला हरकत नाही. पकडताना जनावराला काठ्यांनी झोडपणे, पाय बांधून फरफटत नेणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे; आणि 'पाणातिपाता वेरमणि' रोज म्हणणाऱ्यांना ते सांगायला कायदाही लागू नये.

शौचालय आणि गटाराच्या मागणीला कायद्याचा मोठा आधार आहे, तो मध्य प्रदेशातल्या रतलामच्या खटल्याचा. तिथल्या एका रस्त्यावरच्या रहिवाशांनी तक्रार केली, की उघड्या गटारांची दुर्गंधी येते आणि शेजारच्या झोपडपट्टीतले लोक तिथेच शौचाला बसतात. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला गटारे नीट करायला सांगितले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही; सार्वजनिक शौचालये बांधणे, गटारे करणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. तक्रार झोपडपट्टीविरुद्ध होती, आदेश निघाला नगरपालिकेविरुद्ध. तेव्हा वापरलेले फौजदारी संहितेचे १३३ वे कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे आहे. पालिकेने दाद दिली नाही तर त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येते.

संविधानाची बारावी अनुसूचीही जवळ ठेवा. नगरपालिकांकडे सोपवता येणारी अठरा कामे तिच्यात आहेत. कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हे त्यांपैकी एक. सार्वजनिक आरोग्य, सफाई आणि घनकचरा हे दुसरे. झोपडपट्टी सुधारणा हेही त्याच यादीत, दहाव्या क्रमांकावर.

कोंबड्या आणि बकऱ्यांचे फार लांबवत नाही. खुराडे झोपायच्या खोलीत नको, शिट रोज काढावी, अंडी-पिसांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर त्या कापून खाऊ नयेत, विकू नयेत, लपवूही नयेत. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. शासनाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, पण पंचनाम्यात आपली नोंद असेल तरच.

कुत्र्यांचा नियम निराळा. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून साधारणपणे त्यांना त्याच जागी सोडायचे असते. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री मात्र तिथे परत सोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, खोल जखमेला लसीबरोबर सीरमही लागते, आणि सगळे डोस पुरे करा. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मेलेल्या जनावराबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. नाल्यात डुक्कर किंवा रस्त्यावर गाय मरून पडली की पालिकेला कळवावे. ते उचलून नेणे पालिकेचे काम आहे. 'तुमच्यातलाच कोणी ओढून टाका' असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा आणि ते म्हणणाऱ्याचे नाव-हुद्दा लिहून घ्यावा. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, त्याला येत्या मार्चमध्ये किती वर्षे होतील ते घरातल्या मुलांना मोजायला लावा.

अर्ज कसा करावा, एवढे उरले. तो वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे असावा, प्रत वॉर्ड ऑफिस आणि नगरसेवकाला. जागा नेमकी लिहा, तारखा लिहा, फोटो जोडा. पाळणाऱ्याची जात, आडनाव यांचा अर्जात उल्लेख नको. उपद्रव कशाचा होतो तेवढेच लिहा. शौचालयाच्या सीट किती, चालू किती, घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते, हेही त्याच अर्जात घाला, म्हणजे उत्तरही दोन्हींचे द्यावे लागेल. शक्य असेल तर डुकरे पाळणाऱ्या घरांशी आधी विहारात बसून बोला. पर्यायी जागेच्या मागणीवर त्यांच्याही सह्या मिळतात. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात जनावरांविषयीच्या ठरावाची प्रत आणि आपल्या अर्जावरची कार्यवाही मागा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.