लेखांक ७ : कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं

गेल्या आठवड्यात कबूल केलेला सित्रोएनचा कारखाना आज राहिला. साताऱ्याहून एक पत्र आलंय : सिनेमा काढला फ्रेंच माणसानं, मग दिल्लीत बीबीसीच्या कार्यालयाला टाळं का लागलं?

प्रश्न रास्त आहे. लुई माल पहिल्यांदा इथे आला तो १९६७च्या अखेरीस, फ्रेंच परराष्ट्र खात्यातर्फे, फ्रेंच चित्रपट दाखवत फिरायला. जानेवारी १९६८मध्ये पुन्हा आला. सोबत दोघंच : कॅमेऱ्याला एतिएन बेकेर, ध्वनिमुद्रणाला ज्यां-क्लोद लोरो. पटकथा नाही, आराखडा नाही. काही महिने तिघं देशभर भटकले. त्या फिल्ममधून सुझान बारोंच्या संकलनाच्या टेबलावर दोन गोष्टी निघाल्या : ‘कलकत्ता’ हा स्वतंत्र चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी ‘लिंद फांतोम’ ही सात भागांची मालिका. बीबीसीनं १९७०मध्ये ती दाखवली आणि ब्रिटनमधले भारतीय खवळले. आमची गरिबी तेवढी दिसते का यांना, असा सूर होता. आपल्या सरकारनं प्रक्षेपण थांबवायला सांगितलं, बीबीसीनं ऐकलं नाही. माल बसला होता फ्रान्समध्ये. टाळं लावावं असं त्याचं इथे काही नव्हतंच. बीबीसीचं होतं.

झालं उत्तर. पण मालिकेचं नाव निघालंच आहे, तर पहिल्या भागाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. त्याचं नावच ‘अशक्य कॅमेरा’. गावात तिघं कॅमेरा रोखतात आणि अख्खं गाव उलट त्यांच्याकडेच टक लावून बघत राहतं. अशी दृश्यं कुठलाही संकलक आधी कापतो. मालनं ती ठेवली, लांबवली, आणि निवेदनात, स्वतःच्याच आवाजात, आपण इथे उपरे आहोत हे कबूल केलं. गिधाडं म्हशीचं मढं फाडतात तिथेही तेच. त्याला त्यात केवढं नाट्य दिसतं. इथल्या माणसाला रोजचंच.

म्हणून चिडलेल्यांचं सगळंच चुकलं असं नाही. जातींवरच्या भागात मालचं निवेदन मला फार ऐसपैस वाटतं. काही महिन्यांच्या मुक्कामावर इतकी खात्री बरी नव्हे. पण गरिबी विकायला आलेला माणूस स्वतःच्या नजरेवर एवढा संशय घेत बसत नाही. समुद्राच्या तळाशी कुस्तोबरोबर मासे टिपताना त्याला हा प्रश्न पडला नव्हता. मासे उलटून बघत नसावेत.

माझी तक्रार वेगळीच आहे. कलकत्त्याला अख्खा चित्रपट, आणि मुंबईला सातवा, शेवटचा भाग!

कारखाना पुढच्या आठवड्यात, नक्की. सातारकरांनी तोवर दुसरं पत्र धाडू नये.